हौसेचा हात: घरगुती हस्तकलेच्या आनंदावरील चर्चेचा आढावा

हस्तकलेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक पैठणी, हिमरू, सावंतवाडीची गंजिफा अशा पिढीजात कारागिरीवर. ज्या घरात कोणीच व्यवसायाने कारागीर नाही, तिथे फावल्या वेळात होणाऱ्या कामाकडे अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा गेले. दाराचे मण्यांचे तोरण, रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर पसरलेला क्रोशाचा रुमाल, नातवासाठी विणलेला लोकरीचा स्वेटर, जुन्या पातळांची गोधडी, दिवाळीचा कामट्यांचा कंदील या वस्तूंना कोणी कला म्हटले नाही आणि उत्पादन म्हणूनही मोजले नाही. तरीही त्या करताना माणसाला काहीतरी मिळते, याबद्दल कोणाचा वाद नाही. वाद आहे तो काय मिळते, कोणाला मिळते आणि कोणत्या अटीवर मिळते, याबद्दल. गेल्या दीडशे वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या या चर्चेत आज कोणते मुद्दे मिटले आहेत आणि कोणते खुले आहेत, याचा हा आढावा.

विषयाची हद्द

या लेखात घरगुती हस्तकला म्हणजे घरात, मुख्यतः घरासाठी किंवा भेटीसाठी, हाताशी असलेल्या साध्या साहित्यातून केलेले काम. शिवण, विणकाम, भरतकाम, मणीकाम, कागदकाम, रुखवतातल्या वस्तू, हलव्याचे दागिने, गणपतीचे मखर, मुलांचा दिवाळीतला किल्ला, हे सगळे त्यात येते. पिढीजात कारागिरांच्या अर्थकारणाचा प्रश्न वेगळा आहे. तो या प्रश्नाला जिथे येऊन भिडतो, तिथेच त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी: गरज, शाळा आणि हौस

यातले बरेचसे काम मुळात गरजेचे होते. गोधडी ही त्याची सर्वांत स्पष्ट खूण. लुगडी, धोतरे विरली की ती थरावर थर घालून धावदोऱ्याने शिवायची. कोल्हापूर-सांगलीकडे हिलाच वाकळ म्हणतात. पावसाळ्याच्या आधी, उन्हाळ्यातल्या लांब दुपारी ओसरीवर हे काम चाले आणि शेजारणी हाताला हात लावत. बाळंतविड्यातली कुंची, दुपटी, अंगडी-टोपडी हीसुद्धा गरजच. पण कुंचीच्या पाठीवर जर किंवा मणी लावायला गरज कारण नव्हती. निव्वळ उपयोगाच्या वस्तूतही उपयोगाबाहेरचे काहीतरी घालण्याची ही ओढ जुनी आहे, इतके या वस्तूंवरून निश्चित सांगता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कामात शाळा आली. मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवावे की शिवणटिपण, हा त्या काळी पुण्यात चांगलाच रंगलेला वाद होता. गंमत अशी, की शिवणाचा वर्ग दोन्ही बाजूंना चालत होता. मुलींनी चांगल्या गृहिणी व्हावे असे म्हणणाऱ्यांना तो संसाराला उपयोगी वाटे. विधवांना स्वतःच्या पायावर उभे करू पाहणाऱ्या सुधारकांना त्यात चरितार्थाचे साधन दिसे. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणकाम शिकवले जाई ते याच दुसऱ्या हेतूने. एकाच सुईदोऱ्याचे हे दोन अर्थ पुढच्या सगळ्या चर्चेत कायम राहिले.

यंत्र, छापखाना आणि बाजार यांनी तिसरे वळण दिले. सिंगरची आणि पुढे उषाची शिवणयंत्रे मध्यमवर्गीय घरांत आली आणि रोजचे कपडे शिवणे सोपे झाले. महिला मासिकांतून विणकामाचे नमुने छापून येऊ लागले. ‘दोन सुलट, एक उलट’, ‘तीन साखळ्या, एक मुका खांब’ ही भाषा घराघरांत रुळली. त्यानंतर तयार कपडे स्वस्त झाले आणि गरज हे कारणच उरले नाही. आज कोणी स्वेटर विणतो तो स्वस्त पडतो म्हणून नव्हे. लोकरीच्या किमतीत बाजारात तयार स्वेटर मिळतो. गरज संपल्यावरही काम उरले आणि त्यामुळे आनंदाचा प्रश्न उघडपणे पुढे आला.

पहिला मुद्दा: हात की यंत्र

या चर्चेची पहिली मांडणी इंग्लंडमध्ये झाली. विल्यम मॉरिसने १८६१ साली मित्रांसह घरसजावटीच्या वस्तू बनवणारी संस्था काढली. कारखान्याने कामगाराच्या हातातला आनंद काढून घेतला. तो परत द्यायचा तर रोजच्या वापरातल्या वस्तू पुन्हा हाताने आणि सुंदर घडल्या पाहिजेत, अशी त्याची भूमिका होती. घरात जी वस्तू उपयोगाची नाही आणि सुंदरही वाटत नाही ती ठेवूच नये, हे त्याचे सूत्र आजही गृहसजावटीच्या लेखनात फिरते. त्याच्यावरचा आक्षेपही तितकाच जुना आहे: हाताने केलेल्या त्याच्या वस्तू श्रीमंतांनाच परवडत. मॉरिसला स्वतःलाही हे खुपत होते.

आनंद कुमारस्वामींनी १९०९ च्या ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ या पुस्तकात हा विचार भारतीय कारागिराला लावला. जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनी १९२०च्या दशकात निनावी माणसांनी बनवलेल्या साध्या भांड्याकुंड्यांतले सौंदर्य दाखवून दिले आणि १९३६ साली टोकियोत त्यांचे संग्रहालय उभे केले. दोघांचा रोख नामवंत कलावंताकडे नव्हता. परंपरेत मुरलेल्या हाताकडे होता. परंतु हा हात पिढीजात कारागिराचा. घरातल्या हौशी हाताला त्यांच्या मांडणीत फारशी जागा नाही.

भारतात ही चर्चा सर्वांत टोकदार झाली ती चरख्यावरून. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. सदस्यत्वासाठी दरमहा २००० यार्ड सूत देण्याची अट त्यात मान्य झाली. पुढच्याच वर्षी ती सैल करावी लागली. १९२५ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’त चरख्याच्या पंथावर लेख लिहिला. सर्वांनी एकच यांत्रिक हालचाल करत राहावी, यात माणसाच्या मनाची वाढ खुंटते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त उत्तर दिले. त्यांच्या लेखी सूतकताई हे उपाशी माणसाला मिळणारे काम होते आणि इतरांनी त्याच्याशी नाते जोडण्याचा तो मार्ग होता. कवीने कविता सोडावी किंवा कोणी आपला चालू धंदा सोडावा, असे त्यांचे म्हणणे नव्हते.

दोन्ही बाजू आज वाचताना एक गोष्ट जाणवते. वाद हात विरुद्ध यंत्र असा सरळ नव्हताच. गांधीजींनी शिवणयंत्राचे उघड कौतुक केले आहे; बायकोचे शिवणाचे कष्ट वाचावेत म्हणून सिंगरने ते केले, असे ते सांगत. आणि टागोरांचा आक्षेप पुनरावृत्तीवर जितका होता, तितकाच सक्तीवर होता. पुनरावृत्ती स्वतः जाचक नसते, याचे उदाहरण आपल्याच घरांत आहे. चातुर्मासात लक्षवातींचा नेम धरलेली बाई महिनोन् महिने एकच वात वळत असते आणि त्या कामात तिला शांत वाटते. तिने तो नेम स्वतः घेतलेला असतो. हात की यंत्र हा प्रश्न घरगुती कामापुरता आता जवळजवळ मावळला आहे. यंत्रावर शिवलेली पिशवी आणि हाताने शिवलेली पिशवी, दोन्ही घरी शिवलेल्याच मानल्या जातात.

दुसरा मुद्दा: आनंद येतो कुठून

गेल्या काही दशकांत मानसशास्त्राने हा प्रश्न हाती घेतला. मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी १९९० च्या ‘फ्लो’ या पुस्तकात तल्लीनतेची अट मांडली: कामाची अवघडता आणि आपले कौशल्य यांचा मेळ बसला पाहिजे. काम फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. विणकामाला ही अट सहज लागू पडते, कारण शिकणाऱ्याला अवघडता स्वतः वाढवता येते. आधी सरळ मफलर, मग टोपी, मग वेणीच्या नक्षीचा स्वेटर. रिचर्ड सेनेट यांनी २००८ च्या ‘द क्राफ्ट्समन’मध्ये वेगळ्या बाजूने जवळपास हेच म्हटले. काम चांगले व्हावे ही इच्छा स्वतःच एक समाधान आहे, त्याला बाहेरच्या बक्षिसाची गरज नसते.

दुसरे स्पष्टीकरण मालकीचे आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिअली यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी सुट्या भागांची पेटी जोडली, कागदाचे पक्षी व बेडूक घडवले. आपण घडवलेल्या वेड्यावाकड्या वस्तूला त्यांनी इतरांपेक्षा कितीतरी जास्त किंमत लावली. आयकिया या फर्निचर कंपनीच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. मात्र काम अर्धवट राहिले किंवा झालेली वस्तू पुन्हा मोडली, तर हा परिणाम नाहीसा झाला. वस्तू पुरी होण्याला इथे महत्त्व आहे. तल्लीनतेचा सिद्धांत आनंद करण्यात शोधतो, हा प्रयोग तो झालेल्या वस्तूत शोधतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, पण कोणाचा वाटा किती, हे ठरलेले नाही.

तिसरा धागा आरोग्याचा. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ३५४५ विणणाऱ्यांनी उत्तरे दिली. जे वारंवार विणतात त्यांना शांत आणि आनंदी वाटण्याचे प्रमाण जास्त आढळले. २०१६ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांनी पाऊण तास चित्रे, माती, चिकटकाम असे काहीतरी केले. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतले, ताणाशी निगडित कॉर्टिसोल कमी झाले. २०२४ मध्ये इंग्लंडमधील ७१८२ प्रौढांच्या माहितीवरून असे दिसले, की कला-हस्तकला करणाऱ्यांना आयुष्य अर्थपूर्ण वाटण्याचे प्रमाण अधिक होते; नोकरी असण्यानसण्याने त्यात जितका फरक पडतो, त्यापेक्षा हा फरक मोठा होता. एकटेपणावर मात्र परिणाम आढळला नाही.

या अभ्यासांच्या मर्यादा संशोधकांनी स्वतःच नोंदवल्या आहेत. विणकामाच्या पाहणीत विणणे आवडणारेच लोक होते. ड्रेक्सेलच्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. इंग्लंडची माहिती एकाच वेळची आहे. त्यामुळे हस्तकलेने माणूस समाधानी होतो, की समाधानी माणूस हस्तकलेकडे वळतो, हे तिच्यावरून सांगता येत नाही. ‘विणकाम हे औषध आहे’ अशा ठाम विधानाला आजचा पुरावा पुरत नाही. विणकामाने अनेकांना बरे वाटते, एवढे विधान तो पेलतो.

तिसरा मुद्दा: हौस की बिनपगारी काम

स्त्रीवादी अभ्यासकांनी या आनंदाकडे अधिक चिकित्सकपणे पाहिले. रोझिका पार्कर यांच्या १९८४ च्या ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ या पुस्तकात युरोपातल्या भरतकामाचा इतिहास आहे. सुई हातात देऊन मुलींना गप्प, खाली मान घालून बसायला शिकवले गेले, हा त्यातला एक भाग. त्याच सुईने स्त्रियांनी आपले म्हणणे मांडले, हा दुसरा. पार्कर दोन्ही बाजू एकत्र धरतात, म्हणूनच ते पुस्तक अजून वाचले जाते.

आपल्याकडे या द्वंद्वाचे नेमके उदाहरण म्हणजे रुखवत. लग्नाच्या मांडवात मांडलेल्या सुपारीच्या भटजी-भटजीणी, मण्यांची तोरणे, विणलेले रुमाल यांत मुलीची, आईची, मावशी-आत्याची हौस असते. त्याच वेळी ती मांडणी म्हणजे मुलीच्या ‘हाताला वळण’ असल्याचा जाहीर पुरावाही होता. एका पिढीने ते आवडीने केले. त्याच पिढीतल्या काहींनी नाइलाजाने केले. आता रुखवत भाड्याने किंवा तयार मिळते. हा ऱ्हास मानावा की सुटका, यावर घराघरांत वेगवेगळी मते आहेत आणि दोन्ही मतांना आधार आहे.

वेळेचा हिशेब या चर्चेला ठोस आधार देतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. या पार्श्वभूमीवर ‘फावला वेळ’ हा सर्वांना सारखा मिळत नाही, हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे. त्याला दिले जाणारे उत्तरही विचारात घेण्यासारखे आहे. भांडी घासली की पुन्हा पडतात, पोळ्या केल्या की संपतात. घरकामात टिकून राहणारे असे फार थोडे असते. विणलेला रुमाल टिकतो आणि तो अमुक एकीने केला, हे सगळ्यांना माहीत असते. अनेक स्त्रियांना सुईदोऱ्याने पहिल्यांदा स्वतःचे म्हणावे असे काम दिले, असे हा पक्ष सांगतो.

पुरुष आणि मुले यांचा प्रश्न या चर्चेत बराच काळ बाजूला राहिला. घरातली दुरुस्ती, सुतारकाम, कंदिलाचा सांगाडा बांधणे ही कामे पुरुष करत आले; कामट्या तासायला बाबा आणि खळ शिजवायला आई, अशी वाटणी अनेक घरांत असे. मुलांच्या हातकामाला शिक्षणात मात्र मानाची जागा देण्याचे प्रयत्न झाले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम पुढे आली आणि हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम मानले गेले. मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळेचा खर्च भागवायचा ठरला तर शाळेचा कारखाना होईल, ही शंका त्या परिषदेतच निघाली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला पाने, बिया, शिंपले, माती यांतून बालवाडी चालवून दाखवली. तिथे विक्रीचा प्रश्नच नव्हता. कोठारी आयोगाच्या शिफारशीनंतर ‘कार्यानुभव’ शाळेच्या वेळापत्रकात आला. पुढे अरविंद गुप्ता यांनी पुण्यातल्या आयुकाच्या विज्ञान केंद्रातून टाकाऊ वस्तूंची खेळणी करून विज्ञान शिकवले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे म्हटले आहे. धोरणात हातकामाला सतत जागा मिळत आली. प्रत्यक्षात कार्यानुभवाच्या वस्तू पालकांनी रात्री जागून करायच्या किंवा दुकानातून आणायच्या, हे दृश्य मात्र पालकांच्या चांगलेच ओळखीचे आहे.

चौथा मुद्दा: पैसा आला की आनंद जातो का

हौशी वस्तू विकायला निघाली की चर्चा अर्थकारणाकडे वळते. संक्रांतीच्या हलव्याचे दागिने हे इथे चांगले उदाहरण. मंद आचेवर खसखशीच्या किंवा तिळाच्या दाण्यावर साखरेचा पाक थोडा थोडा सोडत, हाताने हलवत काटा आणायचा आणि मग त्या हलव्याचे हार, बाजूबंद, मुकुट गुंफायचे. एकेकाळी लेकीच्या पहिल्या संक्रांतीला किंवा नातवाच्या बोरन्हाणाला हे घरातच होई. आता बहुतेक लोक ते विकत घेतात. ते करणाऱ्या पुष्कळदा दुसऱ्या घरातल्या स्त्रियाच असतात. दिवाळीच्या कंदिलांचेही तसेच. मुंबईत माहीमची कंदील गल्ली दर दिवाळीला या कामावर उभी राहते.

एक पक्ष याला संधी मानतो. घरच्या कौशल्याला दाम मिळाला, स्त्रीच्या हातात स्वतःचा पैसा आला, आणि घराबाहेर न पडता आला. दुसरा पक्ष मारिया मीस यांच्या १९८२ च्या अभ्यासाकडे बोट दाखवतो. आंध्रातल्या नरसापूरच्या स्त्रिया घरी बसून क्रोशाची लेस विणत आणि ती परदेशी जाई. व्यापारी आणि सरकारी नोंदी दोन्ही त्यांना गृहिणी म्हणत आणि त्यांच्या कामाला फावल्या वेळचा उद्योग मानत. प्रत्यक्षात घरकाम सांभाळून त्या दिवसाचे कित्येक तास विणत आणि मोबदला अत्यंत तुटपुंजा मिळे. काम ‘हौशी’ ठरल्यामुळे त्याचा दर पाडणे सोपे झाले, हा मीस यांचा निष्कर्ष होता.

यावर उपाय म्हणून घरबसल्या काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी मागणी इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापलेल्या अहमदाबादच्या ‘सेवा’ने लावून धरली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयीचा करार क्रमांक १७७ मंजूर केला. भारताने तो अजून अनुमोदित केलेला नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपी, टोपल्या-चटया करणारे, बाहुल्या-खेळणी करणारे असे १८ व्यवसाय आहेत. घरी क्रोशा किंवा मणीकाम करून विकणारी बाई त्यात सहज बसत नाही. ती कारागीर ठरत नाही, कामगार ठरत नाही आणि पूर्णपणे हौशीही उरलेली नसते.

पैशाने आनंद जातो का, याचे उत्तर त्यामुळे एका शब्दात देता येत नाही. मागणीप्रमाणे पन्नास सारखेच कंदील करणे आणि स्वतःच्या मनाने एक करणे, यांत फरक पडतो असे काम करणारे सांगतात. पण चांगला दर आणि स्वतःचा नमुना असेल, तर पन्नासाव्या कंदिलातही समाधान टिकते, असे सांगणारेही आहेत.

पाचवा मुद्दा: नमुना कोणाचा

कुंडी, उशीचा अभ्रा, घराची भिंत यांवर वारली चित्रे काढणे हा शहरी घरांतला फार लोकप्रिय छंद आहे. ही चित्रे मुळात पालघर-डहाणू परिसरातल्या वारली समाजात लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढत. त्यातला देवीची आकृती असलेला चौक हा विधीचा भाग होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आणि मग जगासमोर आली. जिव्या सोमा मशे यांनी तिला नवी वाट दिली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

मानांकनामुळे व्यापारात खोट्या नावाने विक्री करण्याला आळा घालता येतो. घरातल्या कुंडीवर हौसेने काढलेल्या नाचणाऱ्या आकृतींना त्यात मनाई नाही आणि तशी कोणी मागणीही करत नाही. प्रश्न शिष्टाचाराचा आहे. चौकातली देवी घरसजावटीत वापरावी का, कार्यशाळा घेणाऱ्याने वारली चित्रकाराला बोलवावे की पुस्तकातून शिकवावे, अशा गोष्टींवर मते भिन्न आहेत. नमुने नेहमीच एका हातातून दुसऱ्या हातात गेले, कर्नाटकी कशिदा आणि कच्छी टाका मराठी घरांत असेच आले, हा एक युक्तिवाद. शेजारणीकडून टाका शिकणे आणि गरीब समाजाचा नमुना छापून विकणे यांत अंतर आहे, हा दुसरा.

सहावा मुद्दा: साहित्य आणि कचरा

गोधडी ही वाया जाणाऱ्या कापडातून झाली. आजचे बरेचसे हस्तकलेचे साहित्य नव्याने विकत घेतलेले असते: फोमचे ताव, चकाकी, गरम गोंदाच्या कांड्या, प्लास्टिकचे मणी, सगळे भाग मोजून दिलेला तयार संच. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली आणि सजावटीचे थर्माकोलही त्यात आले. त्यानंतर गणपतीची मखरे कागद, पुठ्ठा, बांबू, कापड यांच्याकडे वळली. थर्माकोल कापण्याची एका पिढीची कौशल्ये अशी निरुपयोगी झाली आणि पुठ्ठ्याची नवी शिकावी लागली.

हाताने केले म्हणजे पर्यावरणाला बरे, हे समीकरण सरसकट टिकत नाही. तयार संचाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की नवशिक्याला त्यातून आत्मविश्वास येतो. विरोधकांचे म्हणणे असे, की त्यात जोडण्याचे काम उरते, ठरवण्याचे जाते. शिवाय प्रत्येक वस्तू शेवटी ठेवायची कुठे, हा छोट्या फ्लॅटमधला अगदी व्यावहारिक प्रश्न आहे. वापरून झिजणारी वस्तू आणि कपाटात साठणारी वस्तू असा भेद करायला हवा, या मतावर मात्र बऱ्याच जणांची सहमती दिसते.

चर्चा कुठे आली आहे

एवढ्या वादांतून तीन गोष्टींवर साधारण एकमत झाले आहे. घरगुती हस्तकलेचे समाधान खरे आहे, ते निव्वळ कल्पना नाही. ते पूर्ण होणाऱ्या कामात आणि हळूहळू वाढणाऱ्या कौशल्यात अधिक मिळते. आणि काम हाताने झाले एवढ्यावरून ते आपोआप चांगले, स्वस्त किंवा स्वच्छ ठरत नाही.

न सुटलेले प्रश्नही तीन आहेत. पहिला, कार्यकारणाचा: समाधान आणि हस्तकला यांतले आधी काय. दुसरा, मोजणीचा: घरात बसून विकण्यासाठी केलेल्या कामाला कोणत्या रकान्यात घालायचे. तिसरा, स्थानिक पुराव्याचा. वर दिलेले बहुतेक मानसशास्त्रीय अभ्यास इंग्लंड-अमेरिकेतले आहेत. तिथली निवृत्त विणणारी आणि इथली सांजवेळच्या स्वयंपाकाआधी तासभर सुई घेणारी बाई, यांच्या वेळेवरचा हक्क सारखा नाही. तिथले निष्कर्ष इथे तसेच लावणे घाईचे होईल.

सगळे पक्ष शेजारी ठेवले की एक समान प्रश्न दिसतो: काम सुरू केव्हा करायचे, कसे करायचे आणि कधी थांबायचे, हे कोण ठरवते. काँग्रेसची २००० यार्डांची अट, रुखवताचा दबाव, व्यापाऱ्याचा दर, शाळेचा प्रकल्प आणि सगळे आधीच ठरवून दिलेला संच, या ठिकाणी तो निर्णय दुसऱ्याच्या हातात जातो आणि समाधान आटते. लक्षवातीचा नेम, नातवाची कुंची, मुलांनी स्वतः रचलेला किल्ला, स्वतःच्या नमुन्याचा आणि रास्त दराचा कंदील, इथे तो करणाऱ्याकडे राहतो. काम एकसुरी आहे की नाही, त्यात यंत्र आहे की नाही, पैसा आहे की नाही, या गोष्टी त्यानंतर येतात. आजवरच्या पुराव्यावरून एवढा निष्कर्ष काढणे योग्य वाटते.

पुढच्या अभ्यासासाठी लागणारे साहित्य घराघरांत पडले आहे आणि दरवर्षी ते कमी होत आहे. जात्यावरच्या ओव्या गी पॉयटवां आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पामुळे लाखाच्या संख्येने नोंदल्या गेल्या. दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते गोळा केले म्हणून ते पुण्याच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. गोधडी, कुंची आणि क्रोशाच्या रुमालांची अशी पद्धतशीर नोंद व्हायला हवी. वाचकांनी आपल्या घरातल्या प्रत्येक वस्तूमागे चार ओळी लिहून ठेवाव्यात: कोणी केली, साधारण कधी, कशापासून, आणि आवडीने, गरजेने की सांगण्यावरून. शेवटचा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो फक्त करणाऱ्या व्यक्तीलाच विचारून मिळतो. ती व्यक्ती घरात असेल, तर हे काम पुढे ढकलू नये.